फक्त भावंडं

पहाटे ५.३०

एरवी माझा फोटो स्टुडिओ नऊला उघडतो. भाऊबिजेचा दिवस मात्र पाण्यापासून सुरू होतो. रात्री फिल्म धुवायची तर डेव्हलपर २० अंशांच्या आसपास हवा, आणि कार्तिकातसुद्धा आमच्या टाकीतलं पाणी २५च्या खाली उतरत नाही. कोमट पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, नुसतं बोट लागलं तरी ओरखडा उठतो. म्हणून दोन माठ फडक्यानं गाळलेल्या पाण्यानं भरून मागच्या पडवीत ठेवतो आणि शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठायला देतो. निम्मं काम माठ करतो, उरलेलं बर्फ.

मग कॅमेरा. वर्षभर पोट भरणारा डिजिटल आज कपाटात राहतो आणि याशिका मॅट बाहेर येतो. दोन भिंगांचा, छातीशी धरायचा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. यात वरून, मान खाली घालून बघावं लागतं. समोरच्या माणसावर डोळा रोखलेला राहत नाही. उलट फोटोवालाच त्याच्यापुढे वाकलेला दिसतो. शेतातनं थेट आलेल्या माणसाचे खांदे त्यानं जितके सैल पडतात, तितके ‘हसा, हसा’ म्हणून पडत नाहीत.

एके काळी या कॅमेऱ्याचा खुराक उटीहून यायचा. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, तिचा कारखाना तिथे उभा राहिला आणि त्याचा ‘इंदू’ ब्लॅक अँड व्हाइट रोल गावोगावच्या स्टुडिओंत पोहोचला. आता तो कारखाना बंद आहे. इल्फर्डचा रोल मुंबईच्या बोरा बाजारातून आणावा लागतो आणि त्याची किंमत अशी, की बटण दाबण्याआधी दोनदा बघावंच लागतं.

६.४५

धसई हे मुरबाड तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपासच्या गावांचं आणि पाड्यांचं खत-बियाणं, कापड, औषध, लग्नाचा बस्ता, सगळं इथूनच होतं. १ डिसेंबर २०१६ला, नोटाबंदीनंतर, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून त्याचं नाव पेपरात झळकलं होतं. आज माझ्याही गल्ल्यावर क्यूआर चिकटवलेला आहे, पण भाऊबिजेला लोक ओवाळणीतली नोटच काढून देतात.

पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्यामुळे इथे उजाडतं लवकर, ऊन येतं उशिरा. आभाळ उजळलेलं, पण सूर्य अजून कड्याच्या मागे, असा थोडा वेळ आम्हाला फुकट मिळतो. सावली धारदार नसते, डोळ्यांखाली काळं पडत नाही, सुरकुती दिसते पण कापल्यासारखी दिसत नाही. या उजेडासाठी शहरातले लोक छत्र्या आणि पडदे विकत घेतात. मी फक्त ओटीवर बाक टाकतो आणि मागच्या भिंतीवर करड्या रंगाची चादर ताणतो. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे असतो तसा ताजमहालाचा किंवा धबधब्याचा पडदा नाही. मागे काहीच नको.

७.३०

पहिली मंडळी टमटममधून उतरतात तीच पंधराजणं. तीन भाऊ, दोन बहिणी, सुना, जावई, पोरं आणि एक अगदी तान्हं. सगळे ओटीवर चढतात आणि मी दरवर्षीसारखं सांगतो, “फक्त भावंडं.”

थोडी कुजबुज होते. मोठे जावई विचारतात, “आम्ही नको?” त्यांना म्हणतो, दाजी, तुमचा फोटो लग्नात झाला, बारशाला झाला, वास्तुशांतीला झाला, उद्या नातवाच्या लग्नातही होईल. या पाचांचा एकत्र कधी झाला ते आठवून सांगा. ते आठवतात. नसतोच झालेला. कुणाच्याही घरातला अल्बम काढा. नवरा-बायको आहेत, आई-बाप आणि मुलं आहेत, वरातीत नाचणारे मित्रही आहेत. एका पोटची माणसं, नवऱ्याशिवाय, बायकोशिवाय, लेकरांशिवाय, एका चौकटीत अशी नाहीतच. बहीण सासरी गेली की तिचा प्रत्येक फोटो सासरच्या माणसांत निघतो. भावांचा फोटो निघतो तो बापाच्या दहाव्याला मोबाइलवर, तोही कोणीतरी पाठमोरं असताना.

बाकीचे खाली उतरतात आणि ओटीवर उरलेल्या पाचांचं वागणं बदलतं. हे मी दरवर्षी बघतो, तरी माझा हात थांबतो. घरचे कर्ते म्हणून मिरवणारे, साठीला टेकलेले दादा एकदम दुसऱ्या नंबरचे होतात, कारण आक्का मोठी. आक्का त्यांची कॉलर सरळ करते. धाकटी न सांगता कडेला जाऊन उभी राहते, कारण ती लहानपणापासून कडेलाच उभी राहत आली. मी कोणालाही जागा सांगत नाही. पाचही जण आपापल्या जागा घेतात, आणि ती रचना मी कितीही डोकं लढवलं तरी मला सुचली नसती.

हा फोटो मला रंगीत काढायचा नसतो, त्याचंही कारण आहे. रंगीत फोटोत आधी साडी दिसते. मग नवा शर्ट, मग कोणाची परिस्थिती बरी आणि कोणाची बेताची. रंग गेला की कपाळ, जबडा, भुवया आणि कान उरतात. मुंबईत नोकरी करून उजळलेला भाऊ आणि उन्हात रापलेली बहीण रंगीत फोटोत दोन घरांतली वाटतात. करड्या छटांत ती एका आईची दिसतात.

९.३०

ऊन आता ओटीच्या कडेला आलं आहे. बाक आत सरकवतो आणि भिंगावर फिकट हिरवा फिल्टर चढवतो. तो कुंकवासाठी.

जुन्या, आजोबांच्या काळातल्या फोटोंत बायकांचं कुंकू काळंभोर दिसतं. त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग कळतच नसे, म्हणून लाल ते सगळं काळं उतरायचं. ओठ गडद यायचे आणि सावळी माणसं आणखी सावळी. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लालही दिसू लागला, आणि कुंकू करडं होऊन कपाळात विरघळू लागलं. हिरवा फिल्टर लाल प्रकाश अडवतो आणि कुंकू पुन्हा गडद करतो. त्यात कातडी जराशी काळवंडते, म्हणून फिल्टर फिकटच हवा आणि प्रकाश थोडा जास्त द्यावा लागतो. आज भावांच्या कपाळावरही ओवाळल्याचा ताजा नाम आहे, अक्षता चिकटलेल्या आहेत. फोटोत तो नाहीसा झाला, तर आजचा दिवसच फोटोतून गेला असं मला वाटतं.

१०.४५

चार बहिणी येतात. भाऊ नाही. सर्वांत थोरली दारातूनच विचारते, “आमचा चालंल का?”

या प्रश्नानं मला दर वेळी वाईट वाटतं. भाऊबीज भावाची, म्हणून भाऊ नसलेल्या बहिणींनी चंद्राला ओवाळायचं आणि फोटोला विचारून उभं राहायचं. त्यांना आत घेतो, खुर्ची काढतो आणि निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरचं सांगतो. त्याची बायको बेबी ब्राउन ही चार बहिणींतली एक. १९७५ साली त्यानं चौघींचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. धाकटी मिमी तेव्हा पंधरा वर्षांची होती, बेबी पंचवीसची. पुढे दरवर्षी एक फोटो, डावीकडून उजवीकडे तोच क्रम: हेदर, मिमी, बेबी, लॉरी. आठ बाय दहा इंचाची फिल्म लागणारा, तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा. २०१४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चाळीस वर्षांचे चाळीस फोटो ओळीनं लागले, आणि त्यानंतरही त्यानं काम थांबवलं नाही. त्या फोटोंत काही घडत नाही. चार बायका उभ्या आहेत, वारा आहे, कधी एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर आहे. पण एकामागून एक बघत गेलं की चेहऱ्यांवरून वय सरकताना दिसतं, आणि मधल्या एखाद्या वर्षी चौघी एकमेकींना नेहमीपेक्षा जास्त घट्ट का धरून आहेत, हा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो.

आपल्याकडे पाच मंगेशकर भावंडांचे जुने फोटो ज्यानं त्यानं पाहिलेले आहेत. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. १९४२ साली वडील गेले, तेव्हा थोरली बारा वर्षांची होती. ते चेहरे आपण गाण्यांमुळे जपले. माझ्या ओटीवरच्या या चार बहिणींनीही बाप गेल्यावर एकमेकींना वाढवलं आहे.

थोरली पोरींना म्हणते, “क्रम लक्षात ठेवा गं. पुढल्या साली असंच उभं राहायचं.”

१२.१५

दुपारी गर्दी ओसरते. बहिणी जेवायला घरी, भाऊ पाहुण्यांत. हे काम मी का करतो, ते सांगायला हीच वेळ बरी.

माझं रोजचं काम पासपोर्ट फोटोंचं. त्यातले पुष्कळ जमिनीच्या कागदांसाठी असतात. बाप गेला की सातबाऱ्यावर वारस म्हणून सगळ्या मुलामुलींची नावं एकाखाली एक चढतात. भावंडांची नावं सरकारदरबारी सलग लिहिलेली तेवढी त्या एका ठिकाणी. मग मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक फार्महाऊससाठी जमीन बघत येतं, भाव निघतो आणि हक्कसोडपत्राची किंवा खरेदीखताची तयारी सुरू होते. त्यासाठी फोटो लागतात. बहीण एका सकाळी येते, भाऊ दुसऱ्या दिवशी, दुसरी बहीण आणखी चार दिवसांनी. माझ्याकडचं स्टूल तेच, दिवा तोच, पांढरा पडदाही तोच. बसणारी माणसं एकमेकांशी बोलत नसतात, पण छापण्यासाठी मी त्यांना संगणकावर ओळीनं लावतो, तेव्हा नाकाची ठेवण तीच असते आणि डावी भुवई तशीच वर गेलेली असते.

मुलींचा वाटा कायद्यानं मुलांइतकाच आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच तशी दुरुस्ती केली, देशभरासाठी ती २००५ साली झाली. तरी सही करून बहीण निघते तेव्हा ‘माहेर तुटायला नको’ एवढंच म्हणते. तो निर्णय तिचा. त्यात बोलणारा मी कोण? पण तिचा चेहरा भावाच्या शेजारी माझ्या पडद्यावर दिसतो आणि त्या दोघांना तो कधीच दिसत नाही, हे मला सोसेना. त्यातून भाऊबिजेचं हे सुरू झालं. कागदासाठी वेगवेगळे बसता, तर एकदा कागदाशिवाय एकत्र बसा, म्हणून.

१.३०

भाकरी, वालाचं बिरडं, घरून आलेली करंजी. जेवता जेवता एक आजी पिशवीतून फ्रेम काढतात. आत लहान पोस्टकार्डाएवढा फोटो: तीन मुलगे आणि एक मुलगी, सगळी अनवाणी, मुलीचा परकर पायांहून लांब. कोकणच्या दमटपणानं काचेआड बुरशीची नक्षी उठली आहे आणि एका कोपऱ्यात फोटो काचेलाच चिकटला आहे. घरचे लोक अशा वेळी सुरीनं सोडवायला जातात आणि चेहरा काचेवर राहून कागद हाती येतो. तो सोडवायचाच नाही. काचेसकट ठेवायचा, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड सोडायचा म्हणजे काच चमकत नाही, आणि वरून नक्कल घ्यायची.

“यातल्या तुम्ही कुठल्या?”

“मी नाय. ही माझी सासू, लहानपणीची.”

“आणि हे तिघं?”

“तिचं भाव असतील. नावं सांगणारं आता कोन ऱ्हायलंय?”

मला अशा वेळी नाणेघाट आठवतो. आमच्याच तालुक्यातल्या वैशाखरेच्या बाजूनं वर चढून गेलं की घाटमाथ्याशी सातवाहनांची लेणी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची. आतल्या भिंतीवर एका राजघराण्याचे पुतळे ओळीनं कोरले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव होतं: राजा सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि सिरी सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. एका घरची माणसं, त्यांत तीन कुमार, एका रांगेत उभी केलेली. विल्यम साइक्स यांनी १८२८ साली ते लेख जगापुढे आणले. आज पुतळे गेले आहेत, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत. वरची नावं मात्र अजून वाचता येतात.

आमच्या घरांतल्या फ्रेमांत उलटं झालं आहे. चेहरे राहिले, नावं गेली. म्हणून मी प्रत्येक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहितो, डावीकडून उजवीकडे, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि तारीख. शाईचं पेन वापरत नाही, ती वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते. आजींना म्हणतो, सासूबाईंचं नाव तरी सांगा. त्या सांगतात. मी लिहितो. भावांच्या जागी ‘भाऊ’ असं तीनदा लिहितो.

३.३०

मोटरसायकलवर कॅमेरा घेऊन एका ठाकरवाडीवर. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास निघालं, आता गरव्याची कापणी चालू आहे. पाऊस गेला म्हणेपर्यंत ढग येतात, त्यामुळे सण असो नसो, भारे बांधून खळ्यावर आणावेच लागतात. ज्यांना बाजारात यायला सवड नाही, त्यांच्याकडे मी जातो.

दोन भाऊ आणि त्यांची बहीण भात झोडताहेत. अंगावर कुसळं, केसांत धूळ. मोठा म्हणतो, हातपाय धुऊन येतो. म्हटलं, धुवा, तुम्हाला हवं तसं उभे राहा, मी थांबतो. कामातलाच फोटो ‘खरा’ असतो, असं शहरातून येणाऱ्या फोटोवाल्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. माणूस स्वतःला कसा दाखवू इच्छितो, हेही त्याचंच खरं असतं. इंग्रजांच्या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले, १८६८ ते १८७५च्या दरम्यान. त्यांत माणसं जातीचा आणि जमातीचा नमुना म्हणून छापली. कुणाची कोण, कुणाची बहीण, हे सांगायची गरज छापणाऱ्यांना वाटली नाही. पण त्याच्याही आधी, १८५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे भाऊ होते आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या फोटोग्राफीत हे सख्खे भाऊ होते, याचा मला फार अभिमान आहे.

तिघं हात धुऊन, बहीण केस विंचरून, येऊन उभी राहतात. मागे पेंढ्याची उडवी. ऊन तिरपं झालं आहे. दोन फोटो घेतो आणि रोल बदलतो, पेंढ्याची धूळ कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून शर्टाच्या आत धरून.

५.१५

ओटीवर तिघं थांबली आहेत. चौथा भाऊ गेला, ऐन तिशीत, अपघातात. त्यांना तो फोटोत हवा आहे. “कंप्युटरवर जोडून द्या ना, शेजारी.”

ही मागणी वर्षभर येते आणि पैशाच्या दृष्टीनं सोपी आहे. मी ती घेत नाही. जोडलेल्या फोटोत मेलेला भाऊ कायम तीसचा राहतो आणि बाकीचे पन्नास-साठचे. सावली वेगळ्या बाजूची, नजर वेगळीकडे. बघणाऱ्याला पहिल्यांदा बरं वाटतं, नंतर दर वेळी तो जोडच दिसतो. त्यांना म्हणतो, त्याची घरातली फ्रेम आणा. ती आणायला मुलगा गाडीवर जातो. फ्रेम कोणी धरायची यावर बोलणं होतं, शेवटी मधली बहीण धरते, कारण तो तिच्या पाठचा. तिनं ती छातीशी न धरता बाजूला, त्याच्या उंचीला धरली आहे. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हा एक फोटो मी तिकाटण्यावरून, मंद शटरवर घेतो. उजेड उतरला आहे आणि त्यांना घाई नाही.

७.००

घरी. माझी बहीण कल्याणहून दुपारीच आली आहे आणि ओवाळायची थांबली आहे. पश्चिमेला बीजेची कोर दिसते ना दिसते तोच खाली जाते. ओवाळून झाल्यावर पोरगा आमचा दोघांचा फोटो काढतो. हिरवा फिल्टर त्यानं न सांगता लावला आहे.

९.३०

बाजार झोपला की अंधारखोली सोपी होते. रोल काळोखात, नुसत्या बोटांनी रिळावर चढवतो, टाकीचं झाकण लावतो आणि मग दिवा. बर्फ घातलेल्या परातीत बाटल्या उभ्या आहेत. थर्मामीटर २०वर आला की डी-७६ ओततो, दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी करतो. मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी. हायपो नीट धुतला गेला नाही तर फोटो काही वर्षांत पिवळा पडतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो मोरीत न ओतता कॅनमध्ये साठवतो.

धुतलेले रोल दोरीवर टांगून मी पाकिटांवर नावं घालतो. जितकी भावंडं तितक्या प्रती, हा माझा नियम. पुष्कळ जण म्हणतात, एकच द्या, आईच्या घरात लावू. पण आईच्या घराचीही वाटणी होते, आणि भिंत कोणाच्या वाट्याला येईल ते आज कोणाला माहीत? आक्काची प्रत शहापूरला जाईल, एकाची उल्हासनगरला, एकाची सुरतेला, जिथे तो कारखान्यात आहे.

एक रोल मात्र मी कॅमेऱ्यातून काढलेला नाही. दोन फ्रेम शिल्लक आहेत. दुपारी एक गृहस्थ एकटेच येऊन बसले होते. धाकटा भाऊ येऊन गेला का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर चहा घेतला आणि उठून गेले. दोघांचे फोटो माझ्याकडे आहेत, खरेदीखताच्या वेळचे, वेगवेगळ्या दिवशी काढलेले. धाकटा भात झोडायला तुळशीच्या लग्नापर्यंत गावातच आहे. उद्या सकाळी ऊन यायच्या आत त्याच्या खळ्यावर जाऊन विचारतो.